डाव्या हातातला पेला

कफ्र सवाकी
रमजानचा चौदावा दिवस

प्रिय वगीह,

अल्लाह तुला आणि तुझ्या मुलाबाळांना सुखात ठेवो. शहाताकाकाची मायक्रोबस दुपारच्या नमाजनंतर कैरोला निघते, म्हणून घाईत लिहितो आहे. तुमच्या मालिकेबद्दल फोनवर अक्षर बोलायचं नाही, असं तू रमजानच्या आधीच बजावलंस. फोनवर लिहिलेलं तासाभरात मुलखाचं होतं, हे खरंच आहे. मला तर बरंच वाटलं. तू सैन्यात होतास तेव्हा आपण पत्रं लिहायचो, तशी पुन्हा लिहायला मिळताहेत.

'कालव्यापलीकडचं घर' मी रोज दोनदा पाहतो. इफ्तारनंतर एकदा साऱ्या गावाबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर एकटा, थांबवत थांबवत. माझ्या 'थांबवून बघू' या चॅनेलसाठी त्यावर व्हिडिओ करायला घेतला आहे. नटनट्यांच्या कुचाळक्या मी करत नाही, तुला ठाऊक आहे. कॅमेरा कुठे ठेवला, सीन कुठे तोडला, लेखकानं एखादी गोष्ट का लपवली आणि कधी सांगितली, एवढंच दाखवतो. मुलांना कविता सोडवून दाखवावी तसं. आवाज अजून गोधड्यांच्या कपाटात तोंड घालूनच रेकॉर्ड करतो, आणि तेवढा वेळ इन्साफ अंगणातल्या बदकांना गप्प करत बसते. ती म्हणते, लोकांचे नवरे कपाटात पैसे लपवतात, माझा स्वतःच लपतो.

तर पाहताना एक गोष्ट सापडली आणि तेव्हापासून मला चैन नाही. आपला फिक्री दमाती, शाळेत आपल्यापुढे होता तो, मालिकेतला थोरला भाऊ. गेल्या काही भागांत त्याचा एकही नवा शॉट नाही. तो बसलेला दिसतो, मान हलवतो, चहा पितो, पण कुणाशी बोलत नाही. बोलला तर पाठमोरा, आणि आवाज त्याच्यासारखा, त्याचा नव्हे. चहाच्या पेल्याच्या काठाला पुदिन्याचं एक पान चिकटलेलं आहे. तेच पान लग्नाच्या दिवशी, तेच भांडणाच्या दिवशी. परवा तर बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची अजान होत होती आणि याच्या खांद्यावर भर दुपारचं ऊन.

मला वाटतं, फिक्री निर्मात्याशी भांडून निघून गेला असावा, आणि तुम्ही उरलेल्या तुकड्यांवर भागवता आहात. व्हिडिओचं नाव 'शिळी रोटी' ठेवणार आहे. दिवसभराचा उपास सोडून लोक तुमच्यापुढे बसतात, त्यांना शिळं वाढू नये. पण तुझ्यावर आच येईल असं काही बोलायचं नाही. म्हणून विचारतो. मी बरोबर पाहतोय ना?

तुझा,
रिफअत


कैरो
रमजानचा सोळावा दिवस

मास्तर,

तुझ्या सलामाला सलाम. डोळे आहेत की दुर्बिणी? साऱ्या देशात लोक कतायफ खात, पोरांवर ओरडत, अर्धवट झोपेत मालिका पाहतात, आणि तू पुदिन्याचं पान पाहतोस. तुझ्यासारखे आणखी चार प्रेक्षक असते तर मी एडिटिंग सोडून कालव्यावर मासे विकले असते.

आमचं काम कसं चालतं ते तुला माहीत आहे. निम्मी मालिका लोकांनी पाहिली तरी निम्मी अजून शूट व्हायची असते. लेखक सकाळी पानं पाठवतो, दिग्दर्शक दुपारी शूट करतो, मी ते जोडतो आणि इफ्तारची इशाऱ्याची तोफ होते. या गडबडीत एखादा शॉट दोनदा लागतो. फिक्रीला दुसऱ्या मालिकेच्या तारखा होत्या, तो तिकडे गुंतला आहे. यात भांडण नाही, काही नाही. तेव्हा 'शिळी रोटी' राहू दे. हवं तर आमच्या शीर्षकगीतावर व्हिडिओ कर. ते खरोखर वाईट आहे. मी स्वतः पहिली कमेंट लिहीन.

गंमत बाजूला. ईद होईपर्यंत थांब. नंतर तुला पाहिजे ते म्हण.

आणि फिक्रीच्या आईजवळ, नबवियामावशीजवळ यातलं काही काढू नकोस. गेल्याच वर्षी ऑपरेशनला तिची छाती उघडली होती. उगीच मुलाबद्दल काहीबाही कानावर नको.

वगीह

(शहाताकाकाबरोबर थोडी खजूर पाठवली आहे. पिशवी त्यानं मध्ये उघडली तर मला कळव.)


कफ्र सवाकी
रमजानचा एकोणिसावा दिवस

प्रिय वगीह,

खजूर पोचली. पिशवी उघडलेली होती, पण शहाताकाका म्हणतो ती कैरोतच उघडी मिळाली. तुम्ही दोघं कयामतच्या दिवशी आपापसात पाहून घ्या.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मला टोचत राहिल्या. एक, फिक्री दुसऱ्या कुठल्या मालिकेत आहे? या रमजानच्या सगळ्या मालिकांचे सुरुवातीचे आणि शेवटचे नामपट्टे मी थांबवून वाचले. तो कुठेच नाही. दुसरी, मी मावशीचं नावही काढलं नव्हतं. तू काढलंस.

म्हणून काल इफ्तारनंतर तिच्याकडे गेलो. मनात चोर होता, पण वर वर निमित्त खरं होतं. फिक्रीची एक लकब मला व्हिडिओत हवी होती. तो प्रत्येक मालिकेत, प्रत्येक भागात, एकदा तरी उजव्या हातानं कानाची पाळी चिमटीत धरतो. मला वाटायचं, नटाची सवय असेल. मावशीला विचारलं, तर ती हसली. तिला तांदूळ निवडताना पाहायला हवं होतंस, मुलाचं नाव निघालं की हात थांबतो. म्हणाली, तो पहिल्यांदा कैरोला निघाला तेव्हा तिनं त्याचा कान धरून सांगितलं होतं, मोठा झालास तरी आईला सलाम करायला विसरू नकोस. तेव्हापासून तो तिला टीव्हीतून सलाम करतो. शॉट कसलाही असो, दिग्दर्शक कुणीही असो, तो कान धरतो.

मग मालिका लागली. मी तिच्या बाजूला बसलो होतो. फिक्रीनं कान धरला, आणि मावशीनंही स्वतःचा कान धरला, पडद्याकडे पाहत हळूच सलामाचं उत्तर दिलं. इतकं सहज, जसं कुणी दारात आलं आहे. वगीह, तो शॉट पाचव्या भागातला होता. मला तो पाठ आहे. त्याच्या बाहीवर माशी बसलेली आहे.

आणि त्याच्या पुढच्याच सीनमध्ये तुम्ही कहर केलात. फिक्रीनं चहाचा पेला डाव्या हातानं उचलला आणि डाव्या हातानं प्यायला. मला लगेच कळलं. रोजचाच शॉट तू आरशासारखा उलटवला आहेस, ओळखू येऊ नये म्हणून. घड्याळ उजव्या मनगटावर गेलं, कोटाचा खिसा उजवीकडे आला. पण गावाला हे कुठून कळणार? आज सकाळपासून दुसरा विषय नाही. मशिदीत शेखसाहेब म्हणाले, डाव्या हातानं तर सैतान पितो, आपल्या गावच्या पोराला शहरानं हेच शिकवलं का? न्हाव्याच्या दुकानात तर म्हणे, निर्मात्यानं त्याचा उजवा हात दुसऱ्या चॅनेलला भाड्यानं दिला. सगळे हसले. मीही हसलो आणि मग मला वाईट वाटलं.

मावशी मात्र हसली नाही. तो पेला पाहिल्यावर मला वाढलेली कुनाफा तिनं परत उचलून ताटलीत ठेवली, मी खाल्ली नाही हेही तिच्या लक्षात आलं नाही.

मला आता असं दिसतं. फिक्री तुम्हाला सोडून गेला आहे, आईला एक फोनही करत नाही, आणि तुम्ही मेलेले शॉट दाखवून तिला रोज त्याचा सलाम पोचवता आहात. कुणाला सांभाळायला, ते मला माहीत नाही. पण आईला अशी फसवणूक करणं मला पटत नाही, आणि या महिन्यात तर मुळीच नाही. व्हिडिओ तयार आहे. तिचं नाव त्यात नाही, पण दोन शॉट शेजारी ठेवून सगळं उघड केलं आहे. गुरुवारी रात्री तरावीहच्या नमाजनंतर लावणार. त्याआधी तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. आपली मैत्री जुनी आहे म्हणून थांबलो आहे, तुझं पटलं म्हणून नाही.

रिफअत


कैरो
रमजानचा विसावा दिवस

रिफअत,

लावू नकोस. तुझ्या मुलांची शपथ, लावू नकोस.

शहाताकाकाला मी उभ्या उभ्या थांबवून ठेवलं आहे, तो हॉर्न वाजवतो आहे. थोडक्यात सांगतो.

फिक्री कुठेही गेला नाही. तो दवाखान्यात आहे. शूटिंगच्या मध्येच पडला. संवाद म्हणत होता, जीभ जड झाली, आम्हाला वाटलं अभिनय करतोय. दिग्दर्शक म्हणालासुद्धा, छान, असंच चालू ठेव. मग तो खुर्चीतून घसरला. मेंदूत रक्त गोठलं होतं. वाचा गेली आहे. उजवा हात, उजवा पाय, उजवीकडचं सगळं गेलं आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाचा धोका टळतो आहे, बाकीचं अल्लाहच्या हाती.

त्याच्या बायकोनं आणि बहिणीनं आम्हाला कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आईला कळता कामा नये. तिच्या छातीच्या डॉक्टरनं बजावलं आहे, कसलाही धक्का नको. बहीण फोनवर सांगते, तो रात्रंदिवस शूटिंगमध्ये आहे, फोन सेटवर नेऊ देत नाहीत, तुला टीव्हीत दिसतोच आहे ना. मावशी म्हणते, दिसतो. रोज सलाम करतो.

तो सलाम मी करतो, रिफअत. निर्मात्याला काही पडलेली नव्हती, त्याला फिक्रीचं पात्र परदेशी पाठवून मोकळं व्हायचं होतं. मीच हट्ट धरला. कान धरलेले जेवढे तुकडे होते, टाकून दिलेलेसुद्धा, ते मी धुंडाळून काढले आणि रोज एक लावतो. ते संपत आले आहेत, म्हणून परतपरत तेच. चहाचा शॉट उलटवला तेव्हा घड्याळाकडे माझं लक्ष होतं, ते मी रंगानं पुसणार होतो आणि वेळ पुरला नाही. कुठल्या हातानं पितोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाव सोडून फार वर्षं झाली, बहुतेक.

मी शपथ मोडली आहे. त्याचं पाप माझ्यावर. तू फक्त ईदपर्यंत तोंड मीट. तिनं काही विचारलं तर सांग, शॉट उलटवलेला होता, तांत्रिक चूक आहे. हे तर खोटंही नाही.

वगीह


कफ्र सवाकी
रमजानचा चोविसावा दिवस

प्रिय वगीह,

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई नबवियामावशी आहे. आधी तिला बसव, पाणी विचारू नकोस, तिचा उपास आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही. तिला वाचता येत नाही, पण तिनं कुणाकडून वाचून घेतलं तरी चालेल. आता त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी व्हिडिओ पुसून टाकला. गुरुवार आला आणि गेला. मला वाटलं, माझ्या वाट्याचं संपलं. गेल्या आठवड्यात मी सगळं बरोबर पाहिलं होतं, पान, ऊन, माशी, आवाज, आणि त्यातून माणसाबद्दल काढलेलं एकूण एक चूक होतं. नमाजला उभा राहिलो की तेच डोक्यात येत होतं. तेवढ्यावर सुटलो असतो तर बरं होतं.

काल तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर मावशीनं बोलावणं पाठवलं. गेलो तर ती ईदची बिस्किटं, कहक करत होती. शेजारच्या बायका लाकडी साच्यानं पिठावर नक्षी उठवत होत्या. तिनं त्यांना भट्टीकडे पिटाळलं आणि मला समोर बसवलं. थोडा वेळ साचा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रिफअत, तू चित्रं थांबवून बघतोस असं पोरं सांगतात. शिकलेला आहेस. मला एक सांग, माझ्या मुलाचा उजवा हात कुठे आहे?"

मी म्हटलं, मावशी, तो शॉट उलटवलेला होता. आणि मग, वगीह, मी समजावू लागलो. वर्गात समजावतो तसं. घड्याळ कसं दुसऱ्या मनगटावर गेलं, खिसा कसा फिरला, आरशात पाहिल्यावर कसं होतं. चुलीमागच्या सारवलेल्या भिंतीवर बोटानं काढून दाखवलं. एकही शब्द खोटा नव्हता. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान हलवत होती. तिला समजलंही असावं, कारण तिनं स्वतःच विचारलं, म्हणजे तुमच्या मशीननं उजव्याचा डावा केला?

मी म्हटलं, हो.

"म्हणजे त्याचा उजवा हात चांगला आहे?"

इथे मला फक्त हो म्हणायचं होतं. तू शिकवलंस तसं. किंवा तेही नाही, नुसती मान हलवायची होती, मी आतापर्यंत जे सांगत होतो त्याच सुरात. सगळं खरं सांगून झालं होतं, आणि त्या सगळ्या खऱ्याचं मिळून एक खोटं तयार झालं होतं. माझ्या तोंडून फक्त त्यावर शिक्का मारायचा राहिला होता. मी तिच्याकडे पाहिलं. उपासानं ओठ सुकलेले, हाताला पीठ. तिची छाती माझ्या डोळ्यांसमोर होती, टाके घातलेली. मला वाटलं, हो म्हटलं तर मी खोटा, नाही म्हटलं तर कदाचित तिचा जीव. मनात दुआ केली, या रब्बा, तूच काहीतरी बोल.

मी हो न म्हणता भिंतीवरचं चित्र तळव्यानं पुसू लागलो.

मग तिनंच साचा खाली ठेवला. म्हणाली, त्या रात्रीच कळलं होतं. तो लहानपणी एकदा डाव्या हातानं भाकरी खाताना तिनं पाहिलं होतं आणि त्याच्या हातावर अशी चापट मारली होती की पुन्हा कधी, तापातसुद्धा, त्यानं डावा हात वापरला नाही. तो हात उचलेल तर उजवा हलत नसेल म्हणूनच, एवढंच तिनं धरलं होतं. तुझ्या उलटवलेल्या शॉटवरून, वगीह. ती चूक होती आणि तिनं त्यातून बरोबर तेच काढलं. बहिणीला तिनं विचारलं नाही, कारण बहीण रडली असती. मला विचारलं, कारण, म्हणाली, "तू मास्तर आहेस, तुला नीट खोटं बोलता येत नाही."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, बायकांना हाका मारल्या, भट्टीतला कहक करपतो आहे म्हणून त्यांना झापलं, शिव्या घातल्या. छातीला काही झालं नाही. निदान अजून तरी. दवाखान्याचं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि कैरोला न्यायला डबा भरला. मी म्हटलं, सोबत येतो. म्हणाली, शाळेत परीक्षा आहे ना तुझी, मुलांना नापास करायला कोण राहील?

शहाताकाकाला पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं आहे. तिची औषधं पिशवीत वरच्या बाजूला आहेत, एक इफ्तारनंतर, एक पहाटे सहरीला. तिला एकदम फिक्रीपुढे उभी करू नकोस. आधी तू आत जा, फिक्रीला सांग. आणि तू तिच्या मागेच उभा राहा, हाताच्या अंतरावर.

मी योग्य केलं का? फोन कर आता. मालिकेबद्दल बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

रिफअत


कैरो
रमजानचा पंचविसावा दिवस

प्रिय रिफअत,

फोनवर 'ती बरी आहे' एवढंच सांगता आलं, माफ कर. बाकीचं लिहून टाकतो.

ती उतरली आणि आधी शहाताकाकाला म्हणाली, रस्त्यातले सगळे खड्डे तू मोजून घेतलेस. मग मला म्हणाली, तूच का तो, माझ्या मुलाला डावखुरा करणारा? मी तिच्या हाताचं चुंबन घेतलं, कहकच्या डब्यासकट.

तू सांगितलंस तसं मी आधी आत गेलो. फिक्रीला उशीला टेकून बसवलं होतं. आई आली आहे म्हटल्यावर त्याचं तोंड वाकडं झालं, म्हणजे जे सरळ होतं तेवढंही वाकडं झालं. त्यानं डावा हात चादरीखाली लपवला. उजवा तर पडलेलाच. ती आली. बहीण दारात रडत होती, तिला हातानंच गप्प केलं. पलंगावर नाही बसली. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, थोडी लांब, जशी टीव्हीपुढे बसते तशी. छाती धरील म्हणून मी मागे उभा होतो, हात पुढे करून. तिनं छाती नाही, कान धरला.

सलामाचं उत्तर दिलं, रिफअत, त्यानं न केलेल्या सलामाचं.

आयुष्यभर मी समोरासमोरची माणसं कापून जोडली. एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा चेहरा, हा बोलतो, तो ऐकतो. फिक्रीचा तो कान मी वर्षानुवर्षं लावत आलो, आणि समोरचा शॉट कधी पाहिलाच नव्हता. तू कफ्र सवाकीत बसून पाहिला होतास. मला काल दिसला. तू पत्रात लिहिलं होतंस, पण मी ते घाईत वाचून पुढे गेलो होतो, माझं लक्ष गुरुवारवर होतं.

डॉक्टर दोनदा येऊन तिची नाडी पाहून गेले. रात्री इथेच ठेवून घ्या म्हणाले, दोघांना. ती म्हणाली, मला कशाला, मी पाहुणी आहे. तू योग्य केलंस का, ते मला विचारू नकोस. मला कळत नाही. अजून धास्ती आहेच. पण काल मी पहिल्यांदा झोपलो.

शेवटच्या भागात कानाचा शॉट लावणार नाही. फिक्रीच्या पात्राला मीही परदेशी पाठवून दिलं. त्याच्या बायकोनं सांगितलं आहे, ईदनंतर तुझा व्हिडिओ करायचा असेल तर कर. तुझं तू ठरव.

एवढं सांगून संपवतो. इफ्तारची तोफ झाली तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. नर्सनं फिक्रीसाठी घोटभर कोमट दूध आणलं होतं, रोज त्याला चमच्यानं भरवतात. मावशीनं चमचा बाजूला ठेवला. चादरीखालून त्याचा डावा हात बाहेर काढला आणि पेला त्यात दिला. तो नको म्हणून मान हलवत राहिला. डोळ्यांतून पाणी.

ती म्हणाली, "पी. आता कशाला लाजतोस? सगळ्या गावानं बघितलंय."

तुझा,
वगीह